पहिल्या पोराची लाज

मालमा लुबाबाने तो शब्द वापरला नसता तर रकियाने गोळ्या मुकाट्याने गिळल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण दवाखान्यातल्या बायकांना साध्या माणसांशी साधं बोलायची भारी हौस. लुबाबा अंगणातल्या चटईवर फतकल मारून बसली, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढली, पुढे आलेली बाजरीची पेज घोटभर प्याली आणि रकियाच्या सासूला म्हणाली, "घाबरायचं काही कारण नाही हो, हाजिया. तुमची सून ठणठणीत आहे. ताप नाही, खोकला नाही. फक्त मशाको तिच्या घशात येऊन बसलाय. तिला काही करत नाही तो. घरमालकिणीशी कोण भांडतंय? त्रास असतो तो शेजाऱ्यांना." स्वतःच्या विनोदावर ती स्वतःच हसली. मग रकियाकडे वळली. "कसं सांगू तुला... गोयो असतं ना, गोयो? पोर पाठीला बांधून आपण घरभर हिंडतो, कांडतो, दळतो, ओझं आहे हेही विसरून जातो. तसं तू त्याला घशात बांधून हिंडतेयस."

रकिया चुलीपुढे उभी राहून रात्रीच्या जेवणाचा तुवो घोटत होती. तिचा हात थांबला. बुडाला पीठ लागल्याचा वास सुटला तेव्हा सासू, हाजिया तबावा, ओरडली, "अगं हलव ते! मशाको घशात आहे ना, हातात नाही." लुबाबा पुन्हा हसली. रकियाची थोरली नणंद, गोग्गो, तेवढी हसली नाही. ती आपल्या खोलीच्या उंबऱ्यात, सगळ्यांपासून चार हात लांब, हल्ली बसायची तशी बसली होती. रकियाने दांडा पुन्हा फिरवायला सुरुवात केली, पण तिच्या डोक्यात एकच शब्द घोटला जात होता. चार वर्षांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं, की तू त्याला बांधून हिंडतेस. त्याला. लुबाबाचा 'तो' वेगळा होता हे तिला कळत होतं. कळत असूनही अंगावर काटा आला.

मशाको म्हणजे घटसर्प. नावातच गळा दाबणं आहे. त्या साली कोरडे वारे सुटले आणि कानोच्या जुन्या शहरात, मातीच्या भिंतींच्या बोळाबोळांतून, तो घरं मोजत फिरला. मुलांचे गळे सुजायचे, घशात आतून मळकट पांढरी साय धरायची, आणि आवाज जायचा. आवाज गेला की बायका समजायच्या. आता शेजारची दिजे, रकियाकडे केस विणून घ्यायला रोज येणारी सात वर्षांची पोर, तिचा आवाज गेला. तिच्या बापाने वेळेवर दवाखान्यात नेली म्हणून ती वाचली, अजून तिथेच होती. मग लुबाबाची माणसं आली, दिजेच्या घरातल्या आणि या घरातल्या सगळ्यांचे घसे कापसाच्या काडीने पुसून नेले, आणि सगळ्यांतून एकट्या रकियाच्या घशात तो सापडला. सगळे म्हणाले, दिजेकडून आला असणार. पोर मांडीवर डोकं ठेवून बसायची, तोंडावर खोकायची. सरळ हिशेब होता. रकियाने मान डोलावली. तिला मात्र माहीत होतं की गंगा उलटी वाहिली आहे. म्हणजे तिच्याकडून दिजेकडे. कारण तो तिच्याकडे आधीपासून होता. वारे सुटले तेव्हापासून, ज्या दिवशी नफीऊ गेला त्याच्याही आदल्या दुपारपासून.

नफीऊ हे नाव तिच्या मनातही नीट उमटत नसे. पहिलं पोर. पहिल्या पोराचं नाव आईने घ्यायचं नसतं, त्याच्याकडे चारचौघांत बघायचं नसतं, ते पडलं तर उचलायचं नसतं, रडलं तर ज्याला ऐकू येईल त्याने उठायचं असतं, आईला ऐकू येत नसतं. याला कुन्या म्हणतात. आपण लाज म्हणू, पण लाजेपेक्षा ते मोठं आहे. ज्या बाईला ती नाही तिच्याबद्दल विहिरीवरही बोलतात आणि न्हाणीतही बोलतात. रकियाला ती होती. तिची आई म्हणायची, माझ्या रकियाला बघा, पोराला पाजतानाही मान अशी वळवते की मानेला रग लागते. आणि ते खरं होतं. पोर छातीशी चुपचुप आवाज करत पीत असायचं आणि रकिया भिंतीवरची पाल बघत असायची. त्या सगळ्या महिन्यांत तिने त्याचा चेहरा समोरून पाहिला असेल तर तो झोपेतच. दूध सुटलं तशी नवऱ्याची थोरली बहीण तलातू, विधवा होऊन माहेरी आलेली, निपुत्रिक, त्याला आपल्या खोलीत घेऊन गेली. तीच गोग्गो, म्हणजे आत्या. सगळ्या घराची आत्या. तिने त्याला पाठीला बांधला, तिच्या पाठीवर तो झोपला, तिच्या ताटात जेवला. रकियाला तो 'रकिया' म्हणायचा, कारण घरात सगळे तिला रकियाच म्हणायचे. ती त्याला काहीच म्हणायची नाही. हाक मारायची वेळ आलीच तर म्हणायची, "काय रे, ए."

पण दुपारी घर झोपायचं. हाजियाचं घोरणं सुरू झालं, गोग्गो घागर घेऊन पाण्याला गेली, की तो स्वयंपाकाच्या आडोशाला यायचा. बोलायचा नाही, नुसता उभा राहायचा. रकियाकडे दुधाच्या गोळीची कांडी असायची, लांब, गुळगुळीत, बायका घरी बनवून विकतात तशी. एक चाटणं त्याचं, एक तिचं. तो आपली पाळी झाली की कांडी तिच्या ओठांवर टेकवायचा आणि तिने लबाडी करून दोनदा चाटलं की मोठ्या माणसासारखा कपाळाला आठ्या घालायचा. सगळं मुक्यामुक्याने. कांडी संपली की ती त्याच्या तोंडाला तोंड लावायची, ओठांवरचं चिकट पुसून टाकल्यासारखं करून. पुसणं म्हणजे काही मुका नव्हे, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. लाज अशीच असते. तिला दारातून हाकललं तर ती खिडकीत बसून आपल्यालाच शहाणपण शिकवते.

तो आजारी पडला तेव्हा गोग्गोच्या खोलीत होता. बाहेरून घरघर ऐकू यायची आणि आईला ऐकू येत नसतं. गोग्गोने गळ्याला गरम राखेची पुरचुंडी बांधली, मशिदीतल्या मालमने पाण्यावर आयत म्हणून दिली, नवरा, लवान, बाजारातून लवकर येऊन खोलीच्या दाराशी घुटमळला. रकियाने त्या दिवशी मुद्दाम भांडी जास्त आदळली. मग दुपारी गोग्गो पाण्याला गेली. रकिया आत शिरली. त्याची मान गेलेलीच होती, हनुवटीपासून छातीपर्यंत एकच फुगलेला तुकडा, आणि खोलीत एक गोडसर सडका वास होता जो तिने पुढे आयुष्यभर पेरूच्या, आंब्याच्या, कुठल्याही जास्त पिकलेल्या फळाच्या वासात ओळखला. तिने कांडी नेली होती. त्याने तोंड उघडलं, पण गिळता येईना. तेव्हा तिने कांडी स्वतः चघळून पातळ केली आणि त्याच्या तोंडात तोंड घालून ते गोड पाणी सोडलं, चिमणी सोडते तसं. ते अर्धं परत आलं, तिच्याच तोंडात. दुसऱ्या दिवशी नवरा त्याला घेऊन दवाखान्याकडे निघाला आणि वाटेतून परत आला. लोक सांत्वनाला आले ते गोग्गोकडे आणि हाजियाकडे. रकियाने त्यांना पाणी दिलं, तुवो वाढला. सगळ्या म्हणाल्या, काय संयम आहे पोरीचा, डोळा ओला नाही.

तेव्हाही लुबाबाच आली होती. कोण त्याच्याबरोबर झोपायचं, कोण एका ताटात जेवायचं, कोण त्याचा मुका घ्यायचं, सगळ्यांचे घसे पुसायचे, सगळ्यांना गोळ्या. रकियापाशी आली तेव्हा हाजियाच मध्ये बोलली. "तिला कशाला? ती आई आहे त्याची. ती कशाला जाईल त्याच्याजवळ?" आणि लुबाबाने हो म्हणून मान हलवली आणि पुढे गेली, कारण लुबाबाचाही थोरला मुलगा तिच्या आईकडे वाढलेला, तिनेही भिंतीवरच्या पाली मोजलेल्या. दुसऱ्या देशाची बाई असती तर म्हणाली असती, आईचा घसा सगळ्यात आधी दाखवा. आपल्याच माणसाला आपली चूक दिसत नाही. त्या वेळी गोग्गोने मान वर करून रकियाकडे पाहिलं होतं. रकियाने डोळे खाली घातले. पुढे कळलं की गोग्गोच्या घशात तो होता. गोग्गोने दोन आठवडे गोळ्या घेतल्या, तिचा घसा स्वच्छ झाला, तिला तसं सांगण्यात आलं, पण बोळातल्या बायकांना घशाची स्वच्छता दिसत नाही. त्यांनी आपली पोरं तिच्यापुढून उचलून न्यायला सुरुवात केली. हाजियानेसुद्धा, पोटची पोर असून, तिचं पाण्याचं भांडं वेगळं काढलं. गोग्गोच्या श्वासाने पोर नेलं, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही. ते म्हणायची गरजच पडली नाही. गोग्गो आपणहून उंबऱ्यात जाऊन बसली, आणि रकियाची दुसरी, सहा महिन्यांची झुलाई, तिला तिने त्यानंतर एकदाही पाठीला बांधलं नाही.

आता लुबाबाने गोळ्या दिल्या तेव्हा पहिल्या दिवशी रकियाने त्या खरंच घेतल्या. सकाळी एक, दुपारी एक, आणि संध्याकाळी तिला वाटलं की घशात काहीतरी बसलं ते गप्प झालंय. तोवर तिला माहीतच नव्हतं की ते बोलत होतं. पण आता ते बोलेना तेव्हा कळलं. गेले तीन महिने जिभेच्या मुळाशी एक बारीक खवखव होती, धुळीच्या वाऱ्याची म्हणून तिने सोडून दिलेली. ती नाहीशी झाल्यासारखी वाटली आणि रकिया चुलीपाशीच खाली बसली. त्या दुपारचं गोड पाणी तिला आठवलं, अर्धं त्याला गेलेलं, अर्धं परत आलेलं. त्याच्यातून जे तिच्यात आलं ते तेव्हापासून इथेच होतं, जिवंत, जेवत, वाढत. त्याचे कपडे वाटून टाकले होते. त्याची चटई जाळली होती. त्याला पुरलं त्या मातीच्या उंचवट्यावर बायकांनी जायचं नसतं. या सगळ्या शहरात त्याचं म्हणून जिवंत असं एवढंच उरलं होतं आणि तेही तिच्या घशात, आणि रोज चार वेळा गोळी घेऊन ते तिने मारायचं होतं. वेड लागलेल्या माणसाला आपल्याला वेड लागलंय हे कळत नाही म्हणतात. रकियाला चांगलं कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती गोळी जिभेखाली धरायची, पाणी प्यायची, हाजियाने पाठ फिरवली की ती काढून लुगड्याच्या गाठीत बांधायची.

आणि मग ती त्याच्याशी बोलायला लागली. खवखव परत आली होती, किंवा ती परत आली असं तिने मानलं. गिळायचं ते हळू गिळायचं, त्याला धक्का लागू नये म्हणून. खोकला आला तर दाबायचा. गरम पेज निववून प्यायची. मिरची सोडली, हाजिया म्हणाली, "आता आजारी नाहीस म्हणतात आणि खातेस मात्र आजाऱ्यासारखं." एकदा भांडी घासताना तिने ओठ मिटून, आवाज अजिबात न करता, घशाच्या आत ते नाव उच्चारलं. नफीऊ. नाव जिथून निघालं तिथेच त्याला पोचलं. कुणाला ऐकू आलं नाही, कुणाची लाज गेली नाही. तिला इतकं हलकं वाटलं की ती घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसली. त्यानंतर तिने थांबवलंच नाही. नफीऊ, बघ, तुझा बाप आला. नफीऊ, आज वारा थांबलाय. नफीऊ, तू मला कपाळाला आठ्या घालून बघायचास ना, तेव्हा मला हसू दाबता दाबता पोटात दुखायचं, तुला माहीत होतं का रे? पहिल्या पोराला आयुष्यभरात जेवढं बोलायचं राहिलं ते ती चालता-चालता, कांडता-कांडता त्याला सांगत होती. घरात सगळ्यांना वाटलं, औषध लागू पडतंय, पोरीचा चेहरा उजळला.

भीती नव्हती असं नाही. झुलाईला पाजताना ती तोंडाला पट्टी बांधायची आणि मान वळवायची, आणि मान वळवली की तीच भिंत, तीच रग. पहिल्याला लाजेपोटी मान वळवून पाजलं, दुसरीला घशातल्या त्याच्यापोटी. कधी कधी तिला वाटायचं की झुलाई पिता-पिता थांबून कान देऊन ऐकतेय, या बाईच्या गळ्यात दुसरं कुणीतरी आहे याची तिला चाहूल लागलीय. मग रकियाला त्या खवखवीत दुसरंच काही ऐकू यायचं. चार वर्षांच्या पोराचा हट्ट. एक चाटणं त्याचं, एक तिचं. आता पाळी त्याची. तो घशाच्या दाराशी उभा आहे, काही बोलत नाही, नुसता उभा आहे, आणि त्याला जे हवंय ते झुलाईच्या तोंडात आहे. ती झुलाईला छातीपासून ओढून खाली ठेवायची, पोर रडायची, आणि हाजिया आतून म्हणायची, "पहिल्याला रडवलंस ते ठीक, हिला कसली आलीय लाज?" गोळ्यांची गाठ दिवसागणिक जड होत होती. उद्यापासून घेईन, ती त्याला सांगायची. आज एवढा दिवस राहा.

मग एका सकाळी झुलाई रडली आणि तिचा आवाज फुटला नाही. तोंड उघडं, चेहरा लाल, आणि आत नुसती फुसफूस. अंग तापलेलं. रकियाने तिला उचललं आणि जागच्या जागी फिरली, एकदा, दोनदा, कुठे जावं ते न कळून. तोंड जवळ नेऊन तिच्या घशात बघायची तिची छाती होईना. हाजिया नात्यात सांत्वनाला गेलेली, नवरा बाजारात. घरात एकटी गोग्गो. रकिया तिच्या उंबऱ्याशी गेली आणि पोर पुढे केली.

"गोग्गो, हिचा घसा बघा."

गोग्गो भिंतीला सरकली. "मी? मला नको सांगूस. लुबाबाला बोलाव. माझ्याजवळ आणू नकोस तिला, तुला माहितेय ना लोक..."

"तुमचा श्वास धुतलेला आहे, गोग्गो. माझाच नाही."

"दहा दिवस गोळ्या खातेस की."

"नाही खाल्ल्या." रकियाने एका हाताने लुगड्याची गाठ सोडली. गोळ्या उंबऱ्यावर पडल्या, काही विरघळून पिवळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. "दिजेकडून नाही आला तो मला. मी तिला दिला. मला... तुम्ही पाण्याला जायचात ना, दुपारी..."

गोग्गोने गोळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग पोर तिच्या हातातून ओढून घेतली, अंगणात उन्हाच्या तिरपेत जाऊन बसली, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली आणि बराच वेळ आत बघत राहिली. रकिया आपल्या दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबून उभी होती. त्या वेळी तिने त्याला जे सांगितलं ते कुठल्याही आईने कुठल्याही पोराला सांगू नये. तिने सांगितलं, जा. नफीऊ, जा आता.

"लाल आहे," गोग्गो म्हणाली. "साय नाहीये. नाक बघ हिचं, शेंबडाने भरलंय. सर्दी आहे साधी, धुळीने बसलाय आवाज." आणि पोर मांडीवर घेऊन ती रडायला लागली, तोंड वाकडं करून, म्हाताऱ्या बायका रडतात तशी. रकिया तिच्याजवळ जाऊ लागली तशी तिने हात वर केला. "तिथेच थांब. जवळ येऊ नकोस. तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं? आपल्या अंगणात नळ आहे. दुपारी कशाला मरायला जाईन मी पाण्याला? भरलेली घागर ओतून द्यायचे रोज, आणि त्या मशिदीच्या भिंतीला टेकून उन्हात बसायचे. म्हटलं, भेटू दे त्याला आईला."

रकियाने तोंडावरचे हात खाली घेतले.

"हाजिया म्हणाली ना, ती आई आहे, ती कशाला जाईल जवळ? तेव्हा बघितलं मी तुझ्याकडे. म्हटलं, बोलेल. आता बोलेल. एवढं बोलेल, मलाही गोळ्या द्या. मी बोलले असते तर तुझी अब्रू गेली असती चारचौघांत. म्हणून गप्प बसले. आणि तू गप्प बसलीस ती बसलीसच. सगळ्या बोळाने माझ्यापुढून पोरं उचलून नेली, रकिया. माझ्या आईने माझं भांडं वेगळं काढलं. तू बघत होतीस."

"कुणी कुणाला दिला, गोग्गो? मी त्याला, की तुम्ही, की त्याने आपल्याला?"

"देवाला ठाऊक. लुबाबालाही नाही सांगता येत, मी विचारलंय." गोग्गोने पदराने नाक पुसलं. "मी रोज विचारते. पण दिजेचं पाप मात्र आपल्या दोघींचं, ते विचारायला नको कुणाला. तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड म्हणते ना." तिने उंबऱ्यावरची एक बरी गोळी उचलली, पाण्याचं आपलं वेगळं भांडं उचललं, हात लांब करून गोळी रकियाच्या जिभेवर ठेवली आणि पाणी ओतलं. "गीळ. जीभ उचल. वर कर. हं." मग तिने झुलाईला पाठीवर टाकलं, लुगड्याने घट्ट बांधलं आणि उठली. पोर तिच्या खांद्यावर गाल टेकून फुसफुसत गप्प झाली. लुबाबाला निरोप गेला तो गोग्गोने स्वतः बोळाच्या तोंडाशी उभं राहून पाठवला, पाठीवर पोर घेऊन, ज्यांना बघायचं त्यांनी बघावं म्हणून. लुबाबा आली, सगळं ऐकून भरपूर बोलली, झुलाईचा घसा पुसून नेला आणि रकियाच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केल्या. हाजियाला एवढंच सांगितलं की सूनबाई गोळ्या थुंकत होती. हाजिया म्हणाली, "शिकलेली असून!" आणि विषय संपला.

मग चारी वेळा गोग्गो समोर उभी राहायची. तोंड उघड, गीळ, जीभ उचल. त्यापलीकडे ती रकियाशी बोलत नसे, आणि रकियालाही वाटे की हेच बरं आहे. रात्री-दिवसा तिचं लक्ष घशात. खवखव आधी सकाळी-सकाळी गेली, मग दुपारची गेली. ती अजून बोलायची, पण आता उत्तर मागायची नाही. कधी वाटायचं, तो मागे मागे सरकतोय, घशाच्या अगदी खोलात, कोनाड्यात बसलेल्या पोरासारखा, आणि डोळे मोठे करून बघतोय की ही खरंच घालवणार का मला. तिने त्याला खूप समजावलं. तुझी बहीण आहे रे, लहान आहे. दिजेला आता घरी आणलंय, पण जिना चढताना धाप लागते तिला. कांडीची आठवण तिने मुद्दाम काढली नाही. एके दुपारी तिच्या ध्यानात आलं की ती बराच वेळ कुणाशीच बोलत नाहीये, नुसतं डाळ निवडतेय. तिने ओठ मिटून हाक मारली. घसा होता, नुसता घसा. थुंकी गिळली, ती खाली गेली. तिला भूक लागली होती आणि त्याची तिला शरम वाटली.

औषध संपल्यावर दोनदा घसा पुसून नेला. वारे केव्हाच थांबले होते, उन्हाने अंगणातली माती तडकली होती, आणि लुबाबा घामाने निथळत, लांबूनच ओरडत आली. "हाजिया, खजूर काढा, खजूर! दोन्ही वेळा स्वच्छ. झुलाईचाही स्वच्छ." तिने रकियाच्या पाठीवर थाप मारली. "उतरलं गं बाई तुझं गोयो. पाठ मोकळी झाली."

हाजियाने देवाचे आभार मानले आणि खजुराचा डबा आणायला सांगितलं. रकिया डबा आणायला वळली. दोन पावलं गेली असेल. आणि तिच्या तोंडातून असा काही आवाज निघाला की कोंबड्या भिंतीवर चढल्या. ती खाली बसली, आणि मग बसल्याचीही शुद्ध राहिली नाही, मातीत आडवी झाली. तो आवाज थांबेना. त्यात शब्द नव्हता. मोकळ्या, धुतलेल्या घशातून तो सरळ येत होता, कुठे अडकत नव्हता, कुठे खवखवत नव्हता. लुबाबा भांबावली. "अगं, आनंदाची गोष्ट आहे! बरी झालीस तू, पोर बरी आहे तुझी..." गोग्गो पाठीवरच्या झुलाईसकट धावत आली आणि पहिल्यांदाच तिच्याजवळ बसली, पण तिने तिला गप्प बस म्हटलं नाही.

बोळात असा आवाज ऐकला की कुणी विचारत बसत नाही, हातातलं टाकून येतात. डोक्यावरून वस्त्रं ओढत शेजारच्या बायका दारातून आत येऊ लागल्या, दिजेची आई त्यांच्यात होती, आणि त्या अंगणभर नजर फिरवून माणसं मोजू लागल्या. गोग्गो होती. झुलाई होती. हाजिया होती. "कोण गेलं?" एकीने विचारलं. "लवान गेला का? बाजारात काही झालं का?" रकिया मातीत तोंड घालून रडत होती आणि सगळ्या हाजियाकडे बघत होत्या, कारण असं मोठ्याने रडणं त्या घरात कधी झालं नव्हतं, आणि हाजिया ते ऐकून घेणारी बाई नव्हती.

हाजिया सुनेकडे बघत उभी होती. मग तिने डोक्यावरचं वस्त्र पुढे ओढलं आणि चटई स्वतः ओढून अंगणात पसरली.

"हिचा मुलगा गेला," ती म्हणाली. "बसा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग दिजेच्या आईने दाराशी चपला काढल्या आणि ती रकियाच्या उशाशी येऊन बसली. तिच्यामागून बाकीच्याही बसल्या.